वयाची वजावट

नाना,

मंदार काल तुम्हाला घेऊन निघाला. आज रविवार. ईरा शेजारच्या जोनकडे केक करायला गेली आहे आणि मी आपल्या घरातल्या एकुलत्या एका गरम खोलीत बसले आहे. तुमच्या खुर्चीत नाही. तिच्यावर तुमची माकडटोपी पडली आहे आणि ती उचलायला कोणीच पुढे होत नाही. कॉम्प्युटर चालू आहे. तिकडे अमेरिकेत शनिवारची संध्याकाळ, म्हणजे सामने सुरू झाले असतील. मी ते पान अजून उघडलेलं नाही.

इथल्या मराठी मंडळातल्या लोकांचे फोन येतात. सगळे म्हणतात, भाग्यवान हो, मुलगा, सून, नात समोर असताना गेले, आणखी काय पाहिजे माणसाला. मी "हो ना" म्हणते आणि फोन ठेवला की चिडते. आणखी काय पाहिजे होतं ते मला पक्कं माहीत आहे. तुम्हाला पुण्याला जायचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची तुमची दोन खोल्यांची जागा, सकाळची टेकडी, आणि टेकडी उतरल्यावर त्याच चार म्हाताऱ्यांशी तीच ती भांडणं. एवढंच मागत होतात आणि तेवढंच झालं नाही.

पुण्यात असताना आपली सासरा-सुनेची बोलणी म्हणजे "चहा ठेवू का" आणि "ठेव". यापलीकडे आपण एकमेकांना ओळखतच नव्हतो. ओळख झाली ती न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या या लाकडी घरात, दोघं अडकून पडलो म्हणून. आई गेल्यावर मंदार तुम्हाला हवापालट म्हणून घेऊन आला. वेधशाळेत उभी हयात काढलेल्या माणसाला हवापालट! इथल्या पहिल्या हिवाळ्यात खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळताना पाहून तुम्ही म्हणालात, "बाहेर वारा आणि घरात पाऊस, असा प्रदेश मी कुठल्याच नकाशात पाहिला नव्हता." मग रोज सकाळी टॉवेल घेऊन काचा पुसणं हे तुमचं काम झालं. कोणी सांगितलं नव्हतं. काहीतरी काम हवं होतं तुम्हाला.

मंदार सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला, ईरा शाळेत, आणि मागे आपण दोघं. मी अर्ज पाठवायची. पुण्यात सर्वेक्षणाच्या कंपनीत इतकी वर्षं संख्याशास्त्राचं काम केलेलं, पण इथून उत्तर यायचं ते अगदी गोड: शिक्षण उत्तम, पण इथला अनुभव नाही. इथला अनुभव मिळायला इथे नोकरी लागते, हे त्या कंपन्यांना कोण सांगणार. तुम्ही म्हणायचात, "लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही. यांच्याकडेही हीच गत दिसते."

तुमची स्थिती माझ्याहून वाईट होती. मला निदान गाडी चालवता येत होती. तुम्ही डेअरीपर्यंत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, चालत जाऊन पेपर आणायचात. टोपी वाऱ्याने उडाली की तिच्यामागे थोडं धावून, दम लागला की परत. तुमचा पासपोर्ट मंदारच्या ऑफिसातल्या कपाटात, सगळ्यांचे एकत्र असलेले बरे म्हणून. "मी पळून जाईन असं वाटतं की काय त्याला?" तुम्ही एकदा हसत विचारलंत. मीही हसले.

अशा त्या अडकलेल्या दिवसांत बेसबॉल आला.

मंदारच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत आणि तिथल्या लोकांची एक लीग होती. प्रत्येकाने खऱ्या खेळाडूंमधून आपला एक कागदावरचा संघ निवडायचा. ते खेळाडू खऱ्या सामन्यांत जे करतील त्याचे गुण आपल्याला. साहेबाने आग्रह केला, मंदारला नाही म्हणवलं नाही. त्याला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ते लोढणं त्याने घरी आणून तुमच्या गळ्यात अडकवलं. "नाना, तुम्हाला आकडे आवडतात ना? बघा काय ते."

तुम्ही नियम वाचलेत, जुने आकडे उतरवलेत आणि एक दिवस चहा गार होईपर्यंत पेन्सिल चावत बसून म्हणालात, "अगं, हे तर पावसासारखंच आहे." मग मला शिकवलंत. फलंदाजाने गेल्या वर्षी काय केलं एवढ्यावर भाळायचं नाही. मागची तीन वर्षं घ्यायची, अलीकडच्या वर्षाला जास्त वजन, जुन्याला कमी. येईल तो आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे थोडा ओढायचा. ज्याला खेळायलाच थोडं मिळालं, त्याचा आकडा जास्त ओढायचा, कारण त्याच्याबद्दल आपल्याला कमी माहिती. "सरासरी सगळ्यांना घरी बोलावते, मेधा. कोणी लवकर येतं, कोणी उशिरा." आणि सगळ्यात शेवटी वयाची वजावट. तिशीच्या आसपास पोचला की दर वर्षामागे थोडं कमी करायचं. तिथे तुम्हाला दयामाया नव्हती.

बाकीचे लोक होमरन मारणाऱ्यांच्या, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडणाऱ्यांच्या मागे धावणार, गेल्या वर्षी ज्यांचे फोटो छापून आले त्यांना उचलणार, हे उघड होतं. आपल्याला हवे होते ते निराळे. ज्यांचं गेलं वर्ष निव्वळ दुर्दैवाने वाया गेलं, ज्यांनी जोरात मारलेले चेंडू नेमके कोणाच्या तरी हातात जाऊन पडले, असे. किंवा वाईट चेंडूला शिवतही नाहीत आणि चार वाईट चेंडू सोडले की मुकाट्याने पहिल्या बेसवर चालत जातात, असे. आपल्या लीगमध्ये त्या चालण्यालाही गुण होते, पण ते कोणाच्या डोळ्यांत भरत नव्हतं. कोणाला किंमत नाही आणि अंदाज मात्र चांगला, असा फलंदाज सापडला की तुम्ही टेबलावर टिचकी मारायचात.

त्यांची नावं तुमच्या जिभेवर बसेनात, म्हणून आपण आपली नावं ठेवली. चेंडू सोडत राहणारा तो संन्यासी. गुडघे दुखत असूनही रोज उतरणारा तो थोरला. आणि जावई. धाकट्या संघांत त्याने वर्षानुवर्षं गोलंदाजांना धुतलं होतं, पण वरच्या संघात त्याच्या जागेवर एक नामांकित खेळाडू ठाण मांडून बसलेला. त्यामुळे हा कायम बाकावर. जेवतो, टाळ्या वाजवतो, मोसम संपला की घरी जातो. "घरजावईच की हा!" तुम्ही म्हणालात, आणि तेच नाव पडलं.

खेळाडू निवडायच्या दिवसाची आपली फजिती आठवते ना? मंदारने कॅलेंडरवर शनिवार लिहिला होता. तुम्ही वेळ अगदी मिनिटापर्यंत पडताळून पाहिलीत. मग शनिवारी आपण पोहे करून, देवाला नमस्कार करून कॉम्प्युटरसमोर बसलो. पडद्यावर काही हलेना. मंदार म्हणाला, पुढे ढकललं असेल. दुसऱ्या दिवशी मंडळाचा गुढीपाडवा होता, शाळेच्या हॉलमध्ये. आपण नटूनथटून तिकडे गेलो, श्रीखंड खाल्लं, आणि नेमक्या त्याच वेळी तिकडे निवड होऊन गेली, कारण त्यांचा शनिवार म्हणजे आपला रविवार. जन्मभर ग्रीनिचच्या वेळेत नकाशे वाचलेला माणूस वारात चुकला! मशीनने आपल्या वतीने जे हाताला लागलं ते उचललं होतं. मंदार कपाळाला हात लावून बसला.

तुम्ही मात्र उरलेल्यांची पानं चाळत होतात. "मेधा, इकडे ये." संन्यासी तिथेच होता. थोरला होता. जावई तर होताच होता. आपल्याला हवे असलेले सगळेच्या सगळे कोणीही न उचलता तसेच पडून होते. ते दुसऱ्या कोणाला नकोच होते! आपण मशीनने घेतलेले नावाजलेले एकेक काढले आणि यांना आत घेतलं. तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली. "आपली पद्धत बरोबर असल्याचा याहून मोठा पुरावा नाही," म्हणालात. त्या वर्षी आपण दहांत तिसरे आलो आणि अमेरिकेतला साहेब मंदारला विचारत राहिला की तू हे लोक शोधतोस कसे. मंदार म्हणायचा, सिक्रेट आहे.

इथली अकरा वाजायची वेळ म्हणजे तिकडे सामने सुरू होण्याची. त्यामुळे आपले दिवस भरले. मी कूकर लावायची, तुम्ही पडद्यावरचे आकडे वाचून दाखवायचात. जोन तिच्या झाडाचे फिजोआ घेऊन कुंपणापाशी यायची आणि माओरी नमस्कार करून विचारायची, "किया ओरा, हूज विनिंग टुडे?" तुम्ही म्हणायचात, "द एव्हरेज, जोन. ऑलवेज द एव्हरेज." ती बिचारी "स्वीट ऍज", म्हणजे मस्तच, म्हणून फळं देऊन जायची.

पण जावयावरून आपलं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत लागलं. तुमचं म्हणणं, त्याचा अंदाज चांगला आहे, ठेवू या. माझं म्हणणं, बाकावर बसलेल्याचा अंदाज घेऊन काय चाटायचं आहे?

"दर महत्त्वाचा," तुम्ही म्हणालात. "संधी मिळाली की दर दिसेल."

"आणि संधीचा रकाना कुठे आहे तुमच्या तक्त्यात? ती कोण देणार?"

"ते आपल्या हातात नाही."

"मग बसून बसून गंज चढतो त्याचं काय? त्याची वजावट लावली का तुम्ही?"

माझा आवाज चढला होता. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात. आपण कोणाबद्दल बोलतोय ते दोघांनाही कळत होतं. तुम्ही फक्त म्हणालात, "गंज नाही चढत गं. तसं वाटतं." मी तणतणत स्वयंपाकघरात गेले. तिथे इतकी थंडी होती की रुसून बसायचीही सोय नव्हती, परत यावंच लागलं.

ही दुसरी थंडी यायच्या आधी तुम्ही मंदारशी बोललात. एप्रिलमध्ये, जेवताना. तुमच्यासारखा माणूस, मागणी अशी मांडलीत की ऑफिसात टिपणच वाचताय.

"मला जून संपायच्या आत परत जायचं आहे."

"नाना, पुढच्या वर्षी सगळेच जाऊ ना," मंदार म्हणाला. "ईराच्या सुट्टीत. आता तिथे एकटे, लिफ्ट नाही, छातीच्या गोळ्या चालू. इथे हॉस्पिटल दहा मिनिटांवर आहे."

"पुढच्या वर्षी म्हणतोस. माझ्या वयाला किती वजावट लावायची ते सांगू तुला?"

"तुम्ही बेसबॉल प्लेयर नाही आहात, नाना."

"म्हणूनच जास्त लावावी लागेल."

मंदार वाईट मुलगा नाही हो. आई गेली तेव्हा तो इथे होता, विमान मिळेपर्यंत सगळं संपलेलं होतं. तुमच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे त्याने मनाशी घट्ट धरलं होतं, आणि घट्ट धरता धरता तुम्हालाच धरून ठेवलं. तुम्हाला तेही कळत होतं, म्हणून तुम्ही कधी ओरडला नाहीत. ओरडले मी. म्हटलं, त्यांना जाऊ दे, ते काय तुझं सामान आहेत? ईराने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "डॅड, जस्ट लेट हिम गो होम." सात वर्षांच्या पोरीने इंग्रजीत निकाल दिल्यावर मंदारचा नाइलाज झाला. जूनअखेरचं तिकीट काढलं. पासपोर्ट कपाटातून बाहेर आला.

तुमची बाजू घेताना मला खरंच वाटत होतं की तुम्ही जावं. आणि त्याच वेळी मी पुढचे दिवस मोजत होते. तुम्ही गेल्यावर या खोलीत दिवसभर मी एकटी. अकरा वाजता कोणाशी भांडू?

मग तो फोन आला. वीज किती लागेल याचा अंदाज बांधणारी एक कंपनी, वेलिंग्टनमध्ये. मुलाखतीतल्या बाईने विचारलं, सध्या काय करता? इतरांना मी सांगायची ते शहाणं उत्तर त्या दिवशी आठवेना. मी सरळ जावयाबद्दल सांगायला लागले. तीन वर्षं, वजन, सरासरीकडे ओढणं, वयाची वजावट. बाई पुढे झुकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अँड यू डू धिस विथ युवर फादर-इन-लॉ? फॉर फन?" मी म्हटलं, फन नव्हे, आम्ही त्यावर रक्त आटवतो. तिने मला घेतलं. करार थंडीपुरता, जूनअखेर ते सप्टेंबर, कारण थंडीत विजेचा खप वाढतो. पण इथला अनुभव तो इथला अनुभव.

तुम्ही देवापुढे साखर ठेवलीत. मंदारने मला उचललं. आणि मग आम्ही दोघं हिशेब करू लागलो की ईरा तीनला शाळेतून येते तेव्हा घरी कोण. शाळेनंतरच्या वर्गाला जागा नव्हती, नाव लावून वाट पाहा म्हणाले. मंदार म्हणाला, मी लवकर येईन. तो कधी लवकर येतो ते तुम्हाला ठाऊक होतं. मी म्हटलं, बघू काहीतरी. दोन दिवस आम्ही "बघू काहीतरी" म्हणत होतो.

त्याच आठवड्यात तिकडे त्या नामांकित खेळाडूचा गुडघा गेला आणि जावई रोज खेळायला लागला. तुम्ही रात्रीच्या भातावर आमटी घेता घेता म्हणालात, "मंदार, ते तिकीट ऑक्टोबरचं करून घे. जावयाला संधी मिळाली आहे. आता एवढी वाट पाहून मी मध्येच जाणार नाही. मोसम संपू दे." मंदारचा चेहरा असा उजळला, की मला त्याचा राग आला. ईरा टाळ्या पिटायला लागली. तुम्ही ताटात बघत होतात. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.

जुलै महिना मला आता सारखा आठवतो. माझे पहिले आठवडे भयंकर गेले. मीटिंगमध्ये सगळे इतक्या भरभर आणि अर्धे शब्द गिळून बोलायचे की मी नुसती मान हलवायची, आणि मग मान कशाला हलवली ते निस्तरत बसायची. माझा एक अंदाज तर इतका चुकला की त्यावर कोणी हसलंही नाही. तिकडे जावयाची बॅट चेंडूला लागत नव्हती. तुम्ही रोज दुपारी माझ्या ऑफिसात फोन करायचात. "आजही काही नाही," म्हणायचात, आणि मग हळूच, "तुझं काय?" शेजारच्या टेबलवाल्याला वाटायचं की मी घोड्यांवर पैसे लावते.

एका संध्याकाळी मी घरी येऊन कोटसुद्धा न काढता म्हणाले, नाना, मी सोडते. मला जमत नाही. ईरा टीव्ही बघत होती, तिचा डबा धुवून पालथा घातलेला होता, तुम्ही तिला मराठीत पाढे विचारत होतात आणि ती इंग्रजीत उत्तरं देत होती. तुम्ही मला बस म्हणाला नाहीत, चहा दिला नाहीत. म्हणालात, "तीन आठवडे ढग आले नाहीत म्हणून दुष्काळ जाहीर करणारे मी पुष्कळ पाहिले. थोडक्या माहितीवर मत बनवायचं नसतं. जावयाला काढायचं का संघातून?" मी म्हटलं, नको. "मग," तुम्ही म्हणालात, आणि पाढ्यांकडे वळलात.

ऑगस्ट लागला आणि जावई मारायला लागला. मीही जरा सावरले. एक दिवस फोनवर तुम्ही नुसतं "तीन होमरन!" एवढंच ओरडलात आणि मी भर ऑफिसात "काय सांगता!" म्हणून उठून उभी राहिले. आपली दोघांची बरी वेळ ती तेवढीच. तुमच्या धापा वाढल्या होत्या. खिडक्या पुसून झाल्या की तुम्ही खुर्चीत बसून राहायचात. मी विचारलं की म्हणायचात, थंडी आहे. डॉक्टरनेही गोळ्या बदलल्या आणि थंडी आहे म्हणाला. मग एका शनिवारी सकाळी चहाचा कप तुमच्या हातातून खाली आला. मंदारने जे जे करायचं ते सगळं केलं. अँब्युलन्समधली मुलगी शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली.

इथे लगेच काही करत नाहीत. शनिवार-रविवार मध्ये आला, कागदपत्रं, डॉक्टरची सही. तोवर तुम्ही कुठल्याशा थंड खोलीत. दोन स्वेटर, माकडटोपी आणि वर शाल घेणारा माणूस! मला दुसरं काही सुचेना, मी अंत्यसंस्काराचं बघणाऱ्या लोकांना फोन करून विचारलं, त्यांना शाल घालता येईल का. तिकडचा माणूस चांगला होता, हो म्हणाला. मी गाडी काढून शाल देऊन आले. परतताना नदीच्या कडेला गाडी थांबवून रडले. तुमच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती, हे तेव्हा कळलं नाही.

अस्थी घेऊन पुण्याला कोणी जायचं यावर चर्चा अशी झालीच नाही. मी ऑफिसात विचारलं. माझी मुलाखत घेतलेल्या त्या बाई खरंच हळहळल्या. म्हणाल्या, जा, नक्की जा, पण ऐन थंडीत काम थांबवता येणार नाही, तुझ्या जागी उरलेल्या कराराला दुसरं कोणीतरी बघावं लागेल. त्यात त्यांची काही चूक नव्हती. मी जिना उतरून खाली आले आणि रस्त्यावर वाऱ्यात उभी राहिले. गेले तर तुम्ही ज्याच्यासाठी थांबलात ते पाण्यात. न गेले तर जो माणूस माझ्यासाठी थांबला त्याला पोचवायलाही मी नाही. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. जोन म्हणाली, ईराला मी रोज आणीन शाळेतून, लव्ह. हे ती जूनमध्येही म्हणाली असती. आपण तिला विचारलंच नाही, आपल्या घरचं आपणच बघायचं या आपल्या सवयीने. तुमचं तिकीट वाचवायला कुंपणापलीकडे एक साधा प्रश्न विचारणं पुरेसं होतं आणि तो आपल्या चौघांपैकी एकालाही सुचला नाही. हे मला आता जेवू देत नाही.

नामांकित खेळाडूचा गुडघा बरा झाला म्हणे. मंडळातल्या एका मुलाने सांगितलं. म्हणजे जावई पुन्हा बाकावर. सात-आठ आठवड्यांचे आकडे हातात आहेत, अर्धे वाईट, अर्धे चांगले. त्यावरून तुमचं खरं की माझं, काही सांगता येत नाही. तुम्ही असता तर म्हणाला असतात, माहिती थोडी आहे, सरासरीकडे ओढ. मी म्हणाले असते, ओढत बसा.

मंदार जाताना म्हणाला, नाना स्वतःच्या मर्जीने थांबले, तू मनाला लावून घेऊ नकोस. मी त्याला म्हटलं, मला विचारलं असतं तर मी जा म्हटलं असतं. जोनलाही तेच सांगितलं. फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते. आता इथे कोणी नाही, तर तुम्हाला खरं सांगते. नोकरीचा फोन येऊन दोन दिवस झाले होते, किती काळाने कोणीतरी मला ये म्हणालं होतं, आणि तुम्ही समोर बसून विचारलं असतंत, "मेधा, मी जाऊ की थांबू?" तर मी काय म्हटलं असतं? बहुतेक म्हटलं असतं, नाना, थोडं थांबाल का. तुम्ही तो अंदाज बांधला होतात. तुमचे अंदाज चुकतात यावर निम्म्या पुण्याने विनोद केले, पण हा चुकला नव्हता. म्हणूनच तुम्ही विचारलं नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाहीत. ते वाक्य माझ्या तोंडून निघू दिलं नाहीत. याबद्दल तुमच्या पाया पडू की तुमच्याशी कडाडून भांडू, ते मला ठरवता येत नाही, आणि दोन्हीसाठी तुम्ही जागेवर नाही.

उद्या सोमवार. मंदार उद्या पुण्यात पोचेल, तीन जिने चढेल आणि तुमच्या घराचं कुलूप काढेल. त्या वेळी मी कामावर असेन. तुम्ही त्यासाठीच थांबला होतात.